डाव्या चाकाखालचे थेंब

वडनेर भोलजीच्या त्या घरात आम्ही तिघं राहायचो आणि चौथं विमान. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय, आणि दर वेळी समोरच्याचा चहाचा कप तोंडाच्या अलीकडे थबकलेला पाहण्याचं सुख घेतलंय. तुमचाही थबकला असेल तर खाली ठेवा, कारण विमान खरंच होतं. घराच्या मागच्या अंगाला कापूस साठवायला बांधलेलं पत्र्याचं मोठं शेड होतं. त्यात काकांनी सहा-सात वर्षं खपून ते स्वतःच्या हातानं बांधलं होतं. पोकळ नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, दोन माणसं खेटून बसतील एवढी जागा आणि पुढे पंखा. उडवण्याच्या परवानगीचे कागद कुठल्या तरी कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होते, आणि ते हातात पडेपर्यंत चाकांनी जमीन सोडायची नाही, हा काकांचा नियम होता. ते कागद कधीच आले नाहीत. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच आकाशाकडे बघत बसाल. आमचं विमान जमिनीवर धावायचं आणि थांबायचं. ही गोष्ट त्यातल्या थांबण्याची आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. हवाई दलात वीस वर्षं त्यांनी विमानांच्या पोटाखाली उताणं पडून काढली होती. चाकं, ब्रेक आणि त्यांच्यापर्यंत तेल नेणाऱ्या नळ्या हे त्यांचं खातं. गाव त्यांना 'पायलट' म्हणायचं आणि ते दर वेळी थांबून दुरुस्ती करायचे, "मी पायलट नोहो बाप्पा. मी पायलटले जित्ता ठेवनारा मानूस." मी सोनाळ्याची. वडील तिथल्या शाळेत मास्तर. नांदुऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं, आणि वडनेरहून एसटी सोयीची म्हणून माझी रवानगी काका-काकूंकडे झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूचा माझ्यावर जीव होता, पण तो ती तोंडानं कधी दाखवायची नाही; तो कळण्याच्या भाकरीवर ओतलेल्या तेलाच्या धारेतून आणि ठेच्याच्या गोळ्याच्या आकारातून कळायचा. विमानावर मात्र तिचा दात होता. माहेरून आलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या त्या पंख्यात फिरतायत असं ती म्हणायची. "त्या डब्ब्याच्या शेडात मी पाय ठेवनार नाई," अशी शपथ तिनं सगळ्या गल्लीच्या साक्षीनं घेतली होती आणि वाळवण घालायलासुद्धा ती त्या बाजूला फिरकत नसे. दुपारी तापलेला पत्रा टक्टक् वाजायला लागला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाहा, उडाले निंगालं वाट्टे!"

मला ब्रेकचं काम मिळालं ते चौकसपणामुळे. मी विचारलं होतं, पायानं पेडल दाबलं तर चाक कसं थांबतं, मधे दोरी नाही की साखळी नाही. काका ढोरांच्या दवाखान्यातून आणलेल्या दोन मोठ्या सिरिंज घेऊन आले, त्या सलाइनच्या नळीनं एकमेकींना जोडल्या आणि मधे लाल तेल भरलं. एक माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली. "दाब." मी दाबली, त्यांच्या हातातली दांडी बाहेर आली. जणू मी चार हात लांबून त्यांना ढकललं होतं! मग त्यांनी नळीत हवेचा एक बुडबुडा सोडला. "आता दाब." मी दाबली, आणि सगळा जोर त्या एवढ्याशा बुडबुड्यात बुडून गेला. "तेल दबत नाई, म्हनून ते निरोप पोचवते. हवा दबते, ती निरोप खाते." त्या दिवशी मी कॉलेजातलं सगळं विसरले. पुढे चार महिने मी त्याच सिरिंजनं चाकाकडच्या बाजूनं, म्हणजे खालून वर तेल चढवत होते, बुडबुडे वरच्या बाटलीतून निघताना मोजत होते, आणि ब्रेकच्या रबरी रिंगा, तान्ह्या पोरीच्या बांगडीएवढ्या, स्वतः बसवत होते. डाव्या आणि उजव्या, दोन्ही चाकांच्या. काकांनी एकच अट घातली होती. ब्रेकच्या कामात गलती झाली की दुसरी संधी नाही. मग मी आपली पुस्तकं वाचायची आणि शेडाचं दार बाहेरून बघायचं.

विमानाच्या नाकात, इंजिनामागे, त्या लाल तेलाची एक छोटी पारदर्शक बाटली बसवलेली होती. तिच्यावर वर एक रेघ, खाली एक रेघ. तेल दोन रेघांच्या मधे असलं पाहिजे. रोज सकाळी काका अंगणात दात घासत उभे राहायचे आणि तोंडात फेस असतानाच ओरडायचे, "वंदे, पातळी?" मी शेडातून नाटकातल्या भालदारासारखी ललकारी द्यायची, "बरोब्बर!" एवढं झालं की मगच घरात चहा ठेवला जायचा.

त्या वर्षी मूग निघाल्यावर काकांनी शेताच्या कडेनं मुरूम टाकून, रूळ फिरवून लांब पट्टी तयार केली. दसऱ्याच्या दिवशी विमान पहिल्यांदा पूर्ण वेगानं पळवायचं आणि थांबवायचं ठरलं. नागपूरहून काकांचे जुने साहेब ते बघायला येणार होते. पट्टीत एकच खोट होती. तिच्या टोकाला, रस्ता ओलांडण्याइतक्या अंतरावर, आमची विहीर होती. कठडा नसलेली, तोंड उघडं, पाणी काळंभोर. पट्टी दुसरीकडे वळवायला जागा नव्हती. "ब्रेक कायले बसोले मंग?" काका म्हणाले. काकूनं घट बसवले, अखंड दिवा लावला आणि नऊ दिवस त्या दिव्याची चाकर झाली. आमच्याकडे त्या दिव्याचा धाक फार. तो विझला तर घरातल्या कर्त्या माणसावर येतं अशी समजूत. त्यामुळे ती भगर ढवळता ढवळता उठायची, दिव्यात डोकावायची, पळीभर तेल घालायची, परत भगरीकडे. येता-जाता, न मोजता, न बोलता. दिव्याजवळून रिकाम्या हातानं जाणं तिला माहीतच नव्हतं.

आणि घटाच्या दुसऱ्याच दिवशी मला डाव्या चाकाखाली लाल थेंब दिसला.

एकच. शेडातल्या कोब्याच्या फरशीवर, कुंकवाच्या टिकलीएवढा. मी पुसला. पळत बाटली पाहिली. पातळी बरोबर. "बरोब्बर!" मी ओरडले. तिसऱ्या दिवशी दोन थेंब, बाटली बरोबर. चौथ्या दिवशी चार, बाटली बरोबर. उलट मला वाटलं, जरा वरच आहे. आता बघा, तेल खाली पडतंय आणि वर कमी होत नाही, असं जगात कुठे होतं? द्रौपदीच्या थाळीनंतर ही आमचीच बाटली! मी खरं म्हणजे घाबरायला हवं होतं. पण मला झाला आनंद. डोक्यात नुसता भुंगा सुटला. उन्हानं तेल फुगत असेल? मी सकाळ-दुपार-संध्याकाळ पातळीला पेन्सिलीच्या खुणा केल्या. फुगतं, पण केसभर. थेंब ट्रॅक्टरचे असतील? ट्रॅक्टरचं तेल मी बोटावर घेऊन हुंगलं; ते काळपट, त्याला वेगळाच जळका वास. मग एक दिवस बाटलीत पांढरा तंतू तरंगताना दिसला. कापसाचा. तो मी चिमट्यानं काढला आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण आमच्या भागात त्या दिवसांत कापसाचा तंतू कुठे नसतो? चहात असतो, केसांत असतो, झोपेत नाकात असतो. आज माझं खामगावात जॅक आणि खोदाई-यंत्रांच्या हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथे मी पोरांना सांगते, तेलात जे तरंगतं ते आधी वाचा. तेव्हा मला ते वाचता आलं नाही.

आधी गळती शोधली. काकूच्या डब्यातून रांगोळी चोरली आणि दोन्ही चाकांच्या ब्रेकवर, सांध्यासांध्यांवर, पिठासारखी भुरभुरली. मग आत बसून दोन्ही चाकांची पेडलं वीस-वीस वेळा दाबली. उजवीकडे रांगोळी पांढरीशुभ्र. डावीकडे, जिथे मी बसवलेली रबरी रिंग होती, तिथे एक बारीक लाल रेघ उमटली. म्हणजे गळती खरी होती, माझ्याच कामातली होती, आणि तरी बाटली भरलेली होती. आता दुसरा अर्धा प्रश्न. अष्टमीला सकाळी कॉलेजला निघताना मी उरलेली रांगोळी विमानाच्या नाकासमोर फरशीवर पातळ पसरली आणि दार ओढून घेतलं.

दुपारी परत आले तर रांगोळीत पावलं. अनवाणी, लहान, आत येणारी आणि बाहेर जाणारी. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाशी जोडव्याची गोल खूण. मी तशीच्या तशी स्वयंपाकघरात गेले. काकू शेंगदाणे कुटत होती.

"काकू, शेडात कोन गेलतं?"

"मले काय मालूम? मी त्या डब्ब्याकडं जात नाई."

"पाय दाखव."

"काऊन वं? मी काय नवरी हाव पाय दाखवाले?"

मी वाकून तिचे पाय पाहिले. टाचा पांढऱ्याफटक, रांगोळीनं माखलेल्या. ती पाय लुगड्यात ओढून घेत होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

"हाव, गेलती," ती शेवटी म्हणाली. "रोज जातो. तू कॉलेजात गेली का जातो. पयल्या दिवशी तुह्यं दार उघडं राह्यलं व्हतं, बंद कराले गेलो, तं बाटलीतलं तेल खालच्या रेघेजवळ. नवरात्राचे दिवस, अन् त्याइचं तेल कमी? तो डब्बा हाय तं तोही एक दिवाच हाय माह्यासाठी. देवघरातली पळी नेली, टाकलं."

"कोन्तं टाकलं?"

"तुमचंच, लाल तेलाच्या डब्यातलं. गोडेतेल टाकाले मी काय येडी हाव?"

म्हणजे तंतू दिव्याच्या वातीचा होता, पळीला चिकटून आलेला. माझ्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं, आणि जुळल्याबरोबर हसू गेलं. बाटली खाली जाणं ही बातमी होती. रोज सकाळी विमान आम्हाला सांगत होतं की माझं कुठेतरी फाटलंय, आणि रोज दुपारी काकू मायेनं त्याचं तोंड दाबत होती. पेडल रोज घट्ट लागत होतं, कारण तेल संपू दिलंच जात नव्हतं. पण पूर्ण वेगात, विहिरीकडे तोंड करून, काका सगळ्या ताकदीनं ब्रेक दाबतील तेव्हा ती रिंग किती दम धरणार होती?

"काकू, आता थेंबभर टाकू नोको."

"अन् कमी झालं तं?"

"होऊ दे."

"तुह्यं काम काढून घेतीन ते. सोनाळ्याले धाडतीन तुले." तिनं मुसळ खाली ठेवलं. "मंग मी कोनासाठी भाकर थापू?"

गुपचूप दुरुस्त करावं असं मनात आलं, खोटं का बोलू? पण नव्या रिंगा काकांच्या लोखंडी पेटीत, पेटीची किल्ली काकांच्या करगोट्याला. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडली. काकांनी आपले पाने मांडले आणि मधोमध माझी ती सिरिंज ठेवली. तिला हळदकुंकू वाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि प्रसादाचा पेढा तोंडात घातला. भित्रेपणाची चव गोड असते, हे मी तिथे शिकले.

दसऱ्याला सकाळी अर्धं गाव पट्टीवर. साहेब आले होते. उंच, पांढऱ्या मिशा, हातात काठी असून न टेकणारे. विमान शेडातून ढकलत पट्टीवर आणलेलं. काकांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता आणि आज त्यांना माझी ललकारी साहेबांना ऐकवायची होती. छाती फुगवून ते ओरडले, "वंदे, पातळी?"

मी बाटलीकडे पाहिलं. दीड दिवस कोणी पळी लावली नव्हती. तेल खालच्या रेघेच्याही खाली होतं.

"पातळी खाली हाय, काका," मी म्हटलं. "घट बसले तवापासून खाली हाय."

काका आत चढले, आणि त्यांनी दोन्ही पेडलं, जणू त्यांवर उभेच राहिलेत अशी, पायांनी दाबून धरली. एक, दोन, तीन, चार... डावं पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि डाव्या चाकावरून लाल ओघळ मुरुमावर आला.

"आठ दिवस तू मले बरोब्बर म्हनत व्हती."

"बाटली भरलेली दिसत व्हती."

"कोनं भरली?"

माझ्या मागून, बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "म्या भरली."

काकांना गळतीचा धक्का बसला नव्हता तेवढा आता बसला. "तू? तू शेडात गेलती?"

"मंग? तुमाले विहिरीत पडू देऊ का?"

"अवं बाई, तू भरत राह्यली म्हनूनच पडलो असतो!"

काकूचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नऊ दिवस जपलेला दिवा आपल्याच पदरानं विझवला असावा तसा. ती मटकन मुरुमावर बसली. कोणी हसायला लागलं होतं, ते थांबलं. काका विमानातून उतरले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळ्या गावादेखत तिच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला. मग माझ्याकडे वळले. "रिंग कोनं बसोली?"

"म्या."

साहेबांनी विचारलं, "ही ट्रेनी कोणाची?"

मला वाटलं, झालं, माझी पुस्तकं आणि मी. काकांनी करगोट्याची किल्ली काढली आणि माझ्याकडे फेकली. "माझी आहे, साहेब. उशिरा बोलते, पण बोलते." मग मला, वऱ्हाडीत, "पेटीतून दोन रिंगा आन. अन् चाक तूच खोल. आमी पाह्यतो."

अर्ध्या गावासमोर मी चाक खोललं. रिंग काढली तर तिच्यावर नखाएवढी चीर. मी ती कोरडीच खोबणीत रेटली होती, पिळा पडून कातरली गेली होती. या वेळी नवी रिंग बोटावर घेऊन लाल तेलात भिजवली, पिळा नाही ना ते उजेडात फिरवून बघितलं, आणि मग बसवली. सिरिंजनं खालून तेल चढवलं. लोक एव्हाना आपट्याची पानं वाटून मोकळे झाले होते आणि बुडबुडे मोजायला मानेवर मान टाकून उभे होते. "निंगाला! आनखी एक निंगाला!" शेवटचा बुडबुडा निघाल्यावर टाळ्या वाजल्या. काकांनी साहेबांच्या घड्याळावर पाच मिनिटं पेडल दाबून धरलं. ते हललं नाही.

"बस आत," काका मला म्हणाले. "जिनं बसोले, तिनंच लावाचे. इंजिन माह्यं, ब्रेक तुह्ये." आणि खरोखर, आत बसल्यावर त्यांनी दोन्ही पाय पेडलांवरून उचलून आखडून घेतले.

पंखा फिरला, धूळ उठली, आणि त्या धुळीतून मला दिसलं की पट्टीच्या टोकाला, विहिरीच्या अलीकडे, काकू जाऊन उभी राहिली आहे. हात कमरेवर. कोणीतरी तिला ओढायला धावलं तर तिनं झटकून दिलं. काका इंजिनाच्या आवाजावरून ओरडले, "हटा तिले!" पण तिकडून काही ती हटली नाही. मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा पुढे सरकवला.

विमान पळालं. मुरूम पोटाखालून तडतडत होता, पंख थरथरत होते, आणि काकू मोठी मोठी होत होती. आधी लुगड्याचा हिरवा रंग, मग कुंकू, मग ओठ. काकांनी इंजिन बंद केलं. मी दाबलं. एवढं हळू आणि एवढं जोरात मी आयुष्यात काही दाबलेलं नाही. पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट उभं राहिलं, चाकांनी मुरूम ओरबाडला, नाक खाली झुकलं आणि आम्ही थांबलो. काकू आणि पंख्याच्या मधे एक बैलगाडी आडवी उभी राहील एवढी जागा होती.

पंखा पूर्ण थांबेपर्यंत ती हलली नाही. मग चालत आली, काकांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. डाव्या चाकापाशी खाली बसली, ब्रेकच्या सांध्यावरून बोट फिरवलं, ते उन्हात धरून नीट निरखलं आणि हुंगलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली. "चाला आता जेवाले."